बिऱ्हाडकरूचा जमाखर्च : आर्क्टोनोई नावाचा समुद्रकृमी

कामगार चळवळीत आयुष्याची तीस वर्षे घालवलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत उभे राहून समुद्रातल्या एका कृमीविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. आमच्याजवळ प्राणिशास्त्राची पदवी नाही. खरे सांगायचे तर कोणतीच पदवी नाही. जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, संध्याकाळी सभा संपल्यावर उरलेल्या वेळात. परंतु हा विषय निवडण्यामागे एक कारण आहे आणि ते एका शब्दात सांगता येते. तो शब्द म्हणजे 'बांडगूळ'.

वाटाघाटीला बसले असता हा शब्द आम्ही दोन्ही बाजूंनी ऐकला आहे. मालक म्हणतो, जादा माणसे म्हणजे कारखान्यावरची बांडगुळे. कामगार म्हणतो, कंत्राटदार हे आमच्या घामावरचे बांडगूळ. गावातला जुना रहिवासी पोटासाठी बाहेरून आलेल्याला हीच शिवी देतो. आणि घरात बसून राहिलेल्या म्हाताऱ्या चुलत्याबद्दल सुनेच्या तोंडूनही ती कधी कधी निसटते. या शिवीची सोय अशी की, ती दिल्यावर हिशेब मांडावा लागत नाही. कोण कोणाचे किती घेतो, बदल्यात काय देतो, हे तपासण्याचे कष्ट वाचतात.

खुद्द बांडगुळाचाच हिशेब पाहा ना. आंब्याच्या फांदीवर ते मुळे रोवते, झाडातले पाणी आणि क्षार ओढून घेते, हे खरे. पण त्याला स्वतःची हिरवी पाने असतात आणि उन्हात ते आपले अन्न बरेचसे आपणच तयार करते. म्हणजे ज्याच्या नावाने आपण दुसऱ्याला हिणवतो, तेही सर्वस्वी आयते खाणारे नाही. तेव्हा दुसऱ्याच्या आश्रयाने राहणे म्हणजे नेमके काय, हे शिकायचे असेल तर शिवीगाळीपेक्षा निरीक्षणाची वाट धरली पाहिजे. त्या वाटेवर आम्हाला भेटलेला एक उत्तम शिक्षक म्हणजे आर्क्टोनोई.

तीन शब्द, तीन खाती

प्रथम शब्दांचा निकाल लावू. बेल्जममधील प्राणिशास्त्रज्ञ पिएर-जोसेफ व्हान बेनेडेन यांनी १८७५ च्या सुमारास प्राण्यांच्या सोबत राहण्याच्या तऱ्हांवर एक पुस्तक लिहिले. तोवर दुसऱ्याच्या अंगावर किंवा अंगात आढळणाऱ्या बहुतेक जीवांना सरसकट परोपजीवी म्हणण्याची रीत होती. व्हान बेनेडेन यांनी या गर्दीतून एक वेगळा वर्ग बाजूला काढला. जो यजमानाचे रक्तमांस खात नाही, नुसता त्याच्या पंगतीला बसतो, तो सहभोजी. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही 'एकाच मेजावर जेवणारा' असाच आहे. पुढे १८७० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंटोन डी बारी यांनी भिन्न जातींच्या जीवांच्या निकट सहवासाला 'सहजीवन' ही व्यापक संज्ञा रूढ केली.

तेव्हापासून विद्यार्थी तीन खाती पाठ करीत आले आहेत. एकाचा फायदा आणि दुसऱ्याचा तोटा, ते परोपजीवन. एकाचा फायदा, दुसऱ्याला ना नफा ना तोटा, ते सहभोजन. दोघांचाही फायदा, ते सहोपकार. वाचताना हे फार सुटसुटीत वाटते. अडचण येते ती प्रत्यक्ष जीव समोर ठेवला म्हणजे. त्याला कोणत्या खात्यात टाकायचे? आणि एकदा टाकला की तो तेथेच राहतो काय?

नावगाव आणि घडण

गांडूळ आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. त्याचे शरीर अंगठ्या एकापुढे एक ओवाव्यात तसे वलयावलयांचे असते. समुद्रात या गांडुळाचे असंख्य भाऊबंद आहेत. त्यांच्या प्रत्येक वलयाला दोन्ही बाजूंना वल्ह्यासारखे आखूड पाय असतात आणि त्या पायांवर राठ केसांचे झुपके असतात. यांपैकी काही घराण्यांनी पाठीवर खवले धारण केले आहेत. त्यांना आपण खवलेकृमी म्हणू. त्यांतले सर्वांत मोठे कुळ पॉलिनॉइडी. त्यात सुमारे नऊशे जाती मोजल्या गेल्या आहेत. आपल्या किनाऱ्यांवरही खवलेकृमी आहेत. फ्रेंच संशोधक पिएर फोव्हेल यांनी भारत आणि शेजारच्या प्रदेशांतील अशा सागरी कृमींवर लिहिलेला जाडजूड ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला, त्यात या कुळाचीही नोंद आहे. आर्क्टोनोई मात्र आपल्या पाण्यातला नव्हे. त्याचे गाव प्रशांत महासागराच्या उत्तर भागात : एका अंगाला अलास्कापासून कॅलिफोर्नियापर्यंतचा अमेरिकेचा किनारा, दुसऱ्या अंगाला जपान आणि रशियाचा पूर्व किनारा.

आर्क्टोनोई हे एका जातीचे नाव नव्हे, ते प्रजातीचे, म्हणजे जणू आडनाव आहे. हे आडनाव १९२० साली चेंबरलिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने दिले. या आडनावाची तीन भावंडे अमेरिकेच्या किनाऱ्यावर नांदतात. थोरला आर्क्टोनोई व्हिटाटा. त्याचे वर्णन ग्रूब यांनी १८५५ सालीच केले होते. व्हिटाटा म्हणजे पट्टेवाला. फिकट पिवळसर अंगावर, डोक्याच्या मागे थोड्या अंतरावर, गळपट्टा बांधावा तशी काळपट आडवी पट्टी असते. दुसरा फ्रॅजिलिस, म्हणजे नाजूक. याच्या खवल्यांच्या कडा झालरीसारख्या चुण्याचुण्यांच्या असतात आणि हात लावताच खवले गळून पडतात. बेअर्ड यांनी त्याची नोंद १८६३ साली केली. तिसरा पुल्क्रा, म्हणजे देखणा. तांबूस रंगाचा आणि खवल्यांवर गडद ठिपका असलेला. तो जॉन्सन यांनी १८९७ साली जगापुढे आणला.

आता याच्या अंगाची घडण पाहू. पाठीवर खवल्यांच्या दोन रांगा डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेल्या असतात. कोकणातल्या घरावर कौले जशी एकाची कड दुसऱ्यावर चढवून घालतात, तसेच हे खवले बसवलेले असतात. पण माशाचा खवला आणि हा खवला यांत फरक आहे. येथे प्रत्येक खवला म्हणजे एक पातळ चकती असून ती एका आखूड देठावर उभी असते, आणि असा देठ प्रत्येक वलयावर नसतो, साधारणपणे एकाआड एक वलयावर असतो. त्यामुळे खवल्यांच्या खाली एक मोकळी पोकळी राहते. तीतून पाणी वाहते आणि कृमीला श्वासासाठी ताजे पाणी मिळते. कौलारू घरात हवा खेळती राहते, त्यातलाच प्रकार.

शत्रूने पकडले तर कृमी खवला सोडून देतो आणि निसटतो. तेथे पुढे नवा खवला उगवतो. डोक्यावर चार बारीक डोळे, स्पर्शासाठी मिशांसारखे तंतू आणि दोन जाड स्पर्शिका. तोंड वरवर साधे दिसते, पण आत घशाची एक दणकट नळी असते. ती झटक्यात बाहेर उलटते आणि तिच्या टोकाला चार जबडे असतात. हे जबडे आपण लक्षात ठेवू. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

व्हिटाटा दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे आपल्या तळहाताएवढा लांब होतो. एवढ्या लांब, मऊ आणि चवदार जिवाने उघड्या खडकावर हिंडावे म्हणजे माशांना आमंत्रणच. या कुळातले पुष्कळ कृमी दगडांखाली दडून स्वतंत्र राहतात. आर्क्टोनोईची तिन्ही भावंडे मात्र दुसऱ्याच्या घरात बिऱ्हाड करतात. पागडी नाही, भाडे नाही, करारनामा नाही.

यजमान कोण?

व्हिटाटाचा आवडता यजमान म्हणजे डायोडोरा. हा शंखशिंपल्यांच्या जमातीतला प्राणी. गोल टोपी उपडी ठेवावी तसे त्याचे कवच असते, खाली मांसल पाय खडकाला घट्ट चिकटलेला असतो, आणि टोपीच्या शेंड्याला एक भोक असते. कवचाखालून शिरलेले पाणी त्या भोकातून बाहेर पडते. पाय आणि कवच यांच्यामध्ये सभोवार एक पन्हळ असते. व्हिटाटा त्या पन्हळीत पायाभोवती वळसा घालून राहतो. कधी कधी बिऱ्हाडकरू इतका लांब होतो की त्याचे डोके आणि शेपूट जवळजवळ एकमेकांना भेटतात. तळहातावर मावणाऱ्या घरात तळहाताएवढा पाहुणा!

हाच व्हिटाटा कायटन नावाच्या पाठीवर आठ पट्ट्या असलेल्या मोठ्या प्राण्यावर आणि डर्मास्टेरियास नावाच्या गुळगुळीत कातडीच्या ताऱ्यामाशावरही आढळतो. फ्रॅजिलिसने तारामासेच पसंत केले आहेत. इव्हास्टेरियास नावाच्या ताऱ्यामाशाच्या हातांखाली, नळीसारख्या पायांच्या रांगांमध्ये जी खाच असते, तीत तो लपून राहतो. पुल्क्रा समुद्रकाकडीच्या अंगावर किंवा मोठ्या भोकवाल्या टोपीशंखाच्या आश्रयाला असतो. तांबूस समुद्रकाकडीवर हा तांबूस पुल्क्रा बसला म्हणजे डोळ्यांना चटकन सापडत नाही.

या किनाऱ्याची माहिती सामान्य वाचकापर्यंत पोहोचवण्याचे मोठे श्रेय एडवर्ड रिकेट्स या गृहस्थाकडे जाते. यांचे नाव येथे मुद्दाम घेतो, कारण यांनाही पदवी नव्हती. शिकागो विद्यापीठात काही वर्षे शिकून ते पदवीवाचूनच बाहेर पडले. तेथे त्यांना वॉर्डर ॲली हे प्राध्यापक लाभले, ज्यांनी प्राण्यांच्या समूहजीवनाचा व सहकार्याचा अभ्यास केला. पुढे कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे, मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यांच्या रांगेत, रिकेट्स यांनी एक लहान प्रयोगशाळा थाटली. शाळा-कॉलेजांना समुद्री प्राण्यांचे नमुने पुरवणे हा त्यांचा धंदा. १९३९ साली जॅक कॅल्व्हिन यांच्यासह त्यांनी प्रशांत किनाऱ्यावरील प्राण्यांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याची मांडणी त्यांनी कुळ-गोत्र पाहून केली नाही. कोण कोठे, कोणाच्या शेजारी राहतो हे पाहून केली. कामगारवस्तीत हिंडणाऱ्या माणसाला ही दृष्टी लगेच पटते. माणसाची जात विचारून जे कळत नाही, ते त्याची चाळ आणि शेजार पाहून कळते.

घर सापडते कसे?

आता पुढचा प्रश्न. या बिऱ्हाडकरूला वडिलोपार्जित घर मिळत नाही. मादी अंडी आणि नर बीज पाण्यात सोडतात, त्यातून सूक्ष्म डिंभ निघतात, आणि ते काही काळ उघड्या समुद्रात तरंगत व वाढत राहतात. म्हणजे आईबापांचे घर मागे राहते आणि पोराला नव्या ठिकाणी, कोणतीही ओळख नसताना, जागा शोधावी लागते. मोठा झाल्यावरही एखादी लाट त्याला घरातून खाली पाडू शकते. अशा वेळी तो आपला यजमान ओळखतो कशाने?

कॅलिफोर्नियातील डेमोरेस्ट डेव्हनपोर्ट यांनी हा प्रश्न प्रयोगाने सोडवायचे ठरवले. १९५० साली त्यांनी आर्क्टोनोईवरचा निबंध प्रसिद्ध केला आणि पुढल्याच वर्षी हिकॉक यांच्यासह दुसरा. त्यांच्या प्रयोगाची एक तऱ्हा समजायला अगदी सोपी आहे. दोन फाटे फुटलेला रस्ता असावा तशी एक नळी घ्या. एका फाट्यातून साधे समुद्राचे पाणी येऊ द्या, दुसऱ्यातून यजमान प्राण्याला ठेवलेल्या टाकीतले पाणी. खालच्या टोकाला कृमी सोडा. यजमान त्याला दिसत नाही, त्याचा स्पर्शही नाही. तरी कृमी रांगत रांगत नाक्यावर येतो, थबकतो, आणि यजमानाच्या पाण्याचा फाटा धरतो. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. याचा अर्थ यजमानाच्या अंगातून काही द्रव्य पाण्यात झिरपते आणि कृमीला ते कळते. आपल्या भाषेत बोलायचे तर तो घराचा वास ओळखतो.

येथे एक शंका येते. हा वास ओळखणे जन्मजात आहे की सवयीचे? डिमॉक आणि डेव्हनपोर्ट यांनी १९७१ साली पुल्क्रावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या यजमानावरून कृमी आणला, त्याच यजमानाकडे त्याचा ओढा असे. समुद्रकाकडीवरचा समुद्रकाकडीकडे, टोपीशंखावरचा टोपीशंखाकडे. परंतु कृमीला परक्या यजमानाजवळ ठेवले, तर त्याला त्या नव्या घराचीही ओळख लावता येते, असे आढळून आले. कृमीसारखा कृमी, पण राहिलेल्या घराचा संस्कार त्याच्यावर होतो. परगावी नोकरीला गेलेल्या माणसाला पहिल्या वर्षी आपल्या गावची वाट दिसते, आणि काही काळाने नव्या गावचे वळण अंगवळणी पडते, तसेच हे. 'त्यांची जातच तशी' असे म्हणून हात झटकणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर ध्यानात घ्यावा.

बिऱ्हाडकरू धावून येतो

आता आपण हिशेबाच्या मुख्य कलमाकडे येऊ. बिऱ्हाडकरू घर घेतो, देतो काय?

डायोडोराचा मोठा वैरी म्हणजे पिसास्टर नावाचा दांडगा तारामासा. त्याच्या हातांखाली शेकडो नळीसारखे पाय असतात, प्रत्येकाच्या टोकाला चिकटणारी चकती. त्यांनी तो कवचाला धरतो, ओढतो आणि आतल्या प्राण्याला खाऊन टाकतो. डायोडोरा अगदीच निराधार नाही. मार्गोलिन यांनी १९६४ साली त्याच्या बचावाचे वर्णन केले आहे. पिसास्टरचा स्पर्श होताच डायोडोरा कवच उचलून उंच होतो आणि आपल्या अंगावरच्या मऊ पडद्याच्या घड्या बाहेर काढतो. एक घडी वर चढून कवच झाकते, दुसरी खाली उतरून पाय झाकते. या निसरड्या पडद्यावर ताऱ्यामाशाच्या पायांना पकड मिळत नाही. निसरड्या खांबावर चढणाऱ्यासारखी त्याची गत होते.

पण पडद्याआड आणखी कोणी तरी आहे. १९६९ साली डिमॉक व डिमॉक या दोघा संशोधकांनी असे नमूद केले की, पिसास्टर डायोडोराला भिडला म्हणजे आत राहणारा व्हिटाटा पुढे सरसावतो आणि आपल्या त्या चार जबड्यांनी ताऱ्यामाशाच्या नळीपायांना चावे घेतो. चावा बसताच ताऱ्यामाशाचे पाय आखडतात आणि तो मागे हटतो. ज्याला आपण फुकट राहणारा समजत होतो, तोच दारात उभा राहून घरावर आलेल्या धाडीला तोंड देतो!

बंधुभगिनींनो, येथे टाळ्या वाजवण्याचा मोह आम्हालाही होतो. परंतु शास्त्रज्ञांचा संयम पाहा. त्यांनी आपल्या निबंधाच्या मथळ्यात या वर्तनाला 'संभाव्य' बचाव असे म्हटले, ठामपणे बचाव म्हटले नाही. कारण उघड आहे. कृमी यजमानासाठी लढतो असे म्हणणे म्हणजे त्याच्या मनात शिरणे झाले. तो आपल्या जागेसाठी, आपल्या कातडीसाठी चावत असेल, आणि त्या चाव्याचा लाभ घरमालकाला आपोआप मिळत असेल.

आम्हाला विचाराल, तर यामुळे त्या कृमीची किंमत कमी होत नाही. संघटनेचा तीस वर्षांचा अनुभव असा सांगतो की, उपकाराच्या भावनेने जुळलेली एकी पहिल्या उपासाला फुटते. हिताने जुळलेली टिकते. दोघांचे छप्पर एक असले, आणि छप्पर पडले तर दोघेही उघड्यावर पडणार असले, की एकमेकांसाठी उभे राहण्याला मोठ्या मनाची गरज लागत नाही, डोळे उघडे असले तरी पुरते.

एका घरात एकच

मात्र आर्क्टोनोईचा महिमा गाताना त्याच्या वहीतली दुसरी बाजू झाकून चालणार नाही. परक्या शत्रूवर उगारले जाणारे तेच जबडे स्वजातीयांवरही चालतात. सामान्यतः एका यजमानावर एकच प्रौढ आर्क्टोनोई सापडतो. डिमॉक यांनी १९७४ साली पुल्क्राविषयी दाखवून दिले की, दोन कृमी एका घरात आले म्हणजे ते एकमेकांना चावतात, आणि या भांडणातूनच 'एक घर, एक कृमी' अशी वाटणी होते. रशियाच्या पूर्व किनाऱ्यावर व्लादिवोस्तोकनजीक ब्रितायेव्ह यांनी व्हिटाटाचा अभ्यास केला, त्यांनाही कृमींच्या अंगावर अशा मारामारीच्या खुणा आढळल्या.

मुंबईच्या कापडगिरण्या चालू होत्या त्या काळात, बदली कामगार भल्या पहाटे दरवाजावर उभे राहत. जागा एक आणि हात दहा. त्या रेटारेटीत सख्ख्या गाववाल्यांची डोकी फुटत, हे जुन्या कामगारांकडून आम्ही ऐकले आहे. त्यावरून 'कामगारांत एकी नाही' असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ होते. जागा एकच का, हे विचारणारे थोडे. कृमीच्या बाबतीत उत्तर सोपे आहे : पन्हळ एकाच्याच मापाची आहे. माणसाच्या बाबतीत दरवाजाचे माप माणसानेच ठरवलेले असते, एवढा फरक विसरता कामा नये.

यजमान काय म्हणतो?

आजवर आपण बिऱ्हाडकरूची बाजू ऐकली. यजमानाला या सोबतीचे काय वाटते, हे कळण्याची काही युक्ती आहे काय? आहे. डेव्हनपोर्ट यांनी कृमीला विचारला तोच प्रश्न यजमानाला विचारायचा. १९७९ साली वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डर्मास्टेरियास या ताऱ्यामाशावर नेमका हा प्रयोग प्रसिद्ध केला. आढळले असे की, तारामासाच आपल्या व्हिटाटा कृमीकडे आकर्षित होतो. म्हणजे बिऱ्हाडकरू घर शोधत हिंडतो हे तर खरेच, पण घरही बिऱ्हाडकरूच्या वासाने त्याच्याकडे वळते! त्यांनी आपल्या निबंधाच्या मथळ्यातच प्रश्न विचारला : हे सहभोजन की सहोपकार?

हा प्रश्न आम्हाला फार मोलाचा वाटतो. शंभर वर्षे हा कृमी 'सहभोजी' या खात्यात नोंदलेला होता. का? यजमानाला काही मिळते काय, हे कोणी पाहिले नव्हते म्हणून. न पाहिलेल्या जागी शून्य लिहिण्याची खोड हिशेबनिसाला फार महागात पडते. घरकाम करणाऱ्या बाईच्या श्रमाच्या रकान्यात समाजाने कितीतरी वर्षे असेच शून्य लिहिले.

तसेच आणखी एक. व्हिटाटा डायोडोराजवळ राहतो तेव्हा त्याचा जमाखर्च एक, आणि डर्मास्टेरियासजवळ राहतो तेव्हा दुसरा. पुल्क्रा आणि समुद्रकाकडी यांचे खाते आणखी वेगळे. यावरून असे दिसते की 'परोपजीवी', 'सहभोजी', 'सहोपकारी' हे शिक्के जिवाच्या कपाळावर मारायचे नाहीत. ती नात्यांची नावे आहेत. नाते बदलले, परिस्थिती बदलली, की नाव बदलावे लागते.

छप्पर गेले तर

या सोबतीत धोकाही आहे आणि तो अलीकडच्या काळात उघड झाला. २०१३ सालापासून उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर ताऱ्यामाशांमध्ये एक भयंकर साथ पसरली. अंगावर व्रण पडत, हात गळून पडत, आणि थोड्या दिवसांत प्राणी लगद्यासारखा होऊन जाई. पिसास्टर आणि इव्हास्टेरियास हे दोघेही तिच्या तडाख्यात सापडले. इव्हास्टेरियास म्हणजे नाजूक फ्रॅजिलिसचे घर. डायोडोराच्या दारातला शत्रू आणि फ्रॅजिलिसचा आसरा, दोघांवर एकाच वेळी संकट आले. यजमान पडला की त्याच्या खाचेतला कृमी उघड्यावर येतो. एखादा कारखाना बंद झाला म्हणजे आपण कामगारांची संख्या मोजतो. पण दारातला चहावाला, खानावळवाली, कोपऱ्यावरचा शिंपी यांची गणती त्या यादीत येत नाही. घर मोजणाऱ्याने बिऱ्हाडेही मोजली पाहिजेत.

कृमीवरून माणसाकडे

शेवटी एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. प्राण्यांकडे बोट दाखवून माणसाला नियम सांगण्याची चाल जुनी आहे आणि ती नेहमी सज्जन माणसांनीच वापरली असे नाही. हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६४ साली 'लायक असेल तो तगेल' असा सिद्धांत शब्दांत पकडला आणि कारखानदारांच्या हाती आयते शस्त्र आले : उपाशी मरणारा नालायकच असला पाहिजे! टी. एच. हक्स्ली यांनी १८८८ साली निसर्गातील झगड्याचे चित्र रंगवले, तेव्हा त्याला उत्तर म्हणून रशियन विचारवंत क्रोपोटकिन यांनी प्राण्यांमधील परस्पर साहाय्याची उदाहरणे गोळा केली. त्यांचे पुस्तक १९०२ साली निघाले. आमच्या चळवळीतल्या लोकांना अर्थातच क्रोपोटकिन जवळचे वाटतात. पण आर्क्टोनोई दोघांच्याही खिशात मावत नाही. ताऱ्यामाशाला चावणारे जबडे पाहिले की क्रोपोटकिन आठवतात. भावाला चावणारे तेच जबडे पाहिले की हक्स्ली. जबडे एकच आहेत.

म्हणून कृमीकडून आम्ही नीतिनियम उसना घेत नाही. आम्ही घेतो ती तपासण्याची रीत. डेव्हनपोर्ट यांनी दोन फाट्यांची नळी मांडली आणि मत देण्याआधी कृमीला चालू दिले. डिमॉक यांनी चावा पाहिला आणि तरीही 'संभाव्य' हा शब्द सोडला नाही. वॅग्नर यांनी, ज्याला कोणी विचारले नव्हते, त्या यजमानाला विचारले. उद्या आपल्या गल्लीत, कचेरीत किंवा घरात कोणाला बांडगूळ म्हणण्याची वेळ आली, तर तोंडातून शब्द काढण्यापूर्वी एवढे तीन प्रश्न करावेत. हा मनुष्य येथे कोणत्या वाटेने आला? संकटाच्या वेळी तो कोठे उभा राहिला? आणि तो निघून गेला, तर आपण त्याला शोधायला जाऊ काय?

या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरही शिवी द्यावीशी वाटली, तर ती निदान हिशेबाने दिलेली असेल. आमचा अनुभव असा की, हिशेब पुरा होईपर्यंत शिवीची गरज बहुधा उरत नाही.